लोकप्रियतेचा निरोप : यामागुची मोमोए



या वर्षीच्या व्याख्यानमालेसाठी विषय कळवावा, असे चिटणिसांचे पत्र आले तेव्हा आम्ही उलट टपाली कळवले, "जपानातील एक तरुण गायिका व नटी." दोन दिवसांनी चिटणीस स्वतःच घरी आले. चहा झाला, यंदाच्या उन्हाळ्याविषयी बोलणे झाले, आणि मग काहीसे अडखळत ते म्हणाले, "आदल्या दिवशी उपनिषदे आहेत, दुसऱ्या दिवशी सहकारी चळवळ आहे, या दोहोंच्या मध्ये ही पोर कशी बसवायची?" आम्ही म्हणालो, "ती बसणाऱ्यांपैकी नव्हेच. सात वर्षे उभी राहून गायली आणि ऐन भरात निघून गेली. त्या निघून जाण्याविषयीच आम्हांस बोलायचे आहे." चिटणिसांचे समाधान झाले की नाही ते ठाऊक नाही, परंतु विषय पत्रिकेवर छापला गेला आणि आपण सर्व एवढ्या उकाड्यात आलात, याबद्दल आम्ही त्यांचे आणि आपले आभारी आहोत.

विषय दिसतो तितका हलका नाही. ज्याला आपण टाळ्या देतो, ज्याच्या तबकड्या विकत घेतो, ज्याची छायाचित्रे भिंतीवर लावतो, त्या माणसावर आपला हक्क किती? तो "आता पुरे" म्हणाला तर त्याला अडवण्याचा अधिकार आपल्याला पोहोचतो काय? हा प्रश्न गाणाऱ्यांपुरता नाही. लोकांसमोर उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाचा तो आहे, आणि समोर बसणाऱ्यांचा तर त्याहून अधिक आहे. यामागुची मोमोए या मुलीच्या आयुष्यात तो जितक्या स्वच्छपणे उभा राहिला, तितका आम्ही अन्यत्र क्वचित पाहिला आहे. जपानी रीतीप्रमाणे आडनाव आधी येते; यामागुची हे आडनाव, मोमोए हे नाव. त्या नावाची चित्राक्षरे पाहिली तर अर्थ निघतो 'शंभर आशीर्वाद'.

जपानात अशा तरुण गायक-गायिकांना 'आयदोरु' म्हणतात. इंग्रजीतील 'आयडॉल' हे त्याचे मूळ. १९६३ साली निघालेला एक फ्रेंच चित्रपट पुढील वर्षी जपानात आला, त्याच्या जपानी नावात हा शब्द होता, आणि तेथून तो रुळला असे सांगतात. आयडॉल म्हणजे मूर्ती. आता मूर्ती म्हणजे काय, हे महाराष्ट्रातल्या श्रोत्यांना समजावून सांगणे हा उद्धटपणा होईल. मूर्तिकार ती घडवतो, भक्त तिची पूजा करतात, आणि दिवस भरले की तेच भक्त तिला वाजतगाजत पाण्यात सोडतात. या तिन्ही वेळी मूर्तीला कोणी विचारीत नाही. मातीच्या मूर्तीच्या बाबतीत हे योग्यच आहे. परंतु मूर्ती चौदा वर्षांच्या मुलीची असेल तर?

मोमोएचा जन्म १७ जानेवारी १९५९ चा, टोकियोतला. त्याच वर्षी एप्रिल महिन्यात युवराज आकिहितो यांचा विवाह झाला, आणि ती मिरवणूक घरबसल्या पाहता यावी म्हणून जपानी कुटुंबांनी धडाधड टेलिव्हिजनचे संच विकत घेतले. मोमोए आणि जपानी घरातला टेलिव्हिजन ही अशी एका पाठोपाठची भावंडे म्हटली पाहिजेत. तिचे बालपण पुढे योकोसुका या गावी गेले. टोकियोच्या दक्षिणेस असलेले हे नौदलाचे बंदर. १९४५ साली जपान युद्धात हरले आणि या बंदरात अमेरिकन आरमाराचा तळ पडला, तो अद्यापि आहे. एका बाजूस परदेशी खलाशांच्या वस्तीचा झगमगाट आणि दुसऱ्या बाजूस चढणीच्या अरुंद गल्ल्यांत राहणारी कष्टाळू माणसे, असे ते गाव होते. मोमोएच्या घरी आई आणि दोन मुली. वडील होते, पण त्यांचा कायदेशीर संसार दुसरीकडे होता. आईने एकटीने कष्ट करून मुलींना वाढवले, आणि मोमोएनेही शाळकरी वयात घरोघर वर्तमानपत्रे टाकण्याचे काम केले.

अशा घरातील मुलगी गाण्याकडे वळली कशी? त्याचे उत्तरही टेलिव्हिजनमध्येच आहे. १९७१ च्या ऑक्टोबरात निप्पोन टेलिव्हिजनवर 'स्टार तान्जो', म्हणजे 'तारकेचा जन्म', नावाचा स्पर्धेचा कार्यक्रम सुरू झाला. सामान्य घरातील मुलामुलींनी यावे, गावे, परीक्षकांनी गुण द्यावेत आणि निवडलेल्यांनी अंतिम फेरीत उभे राहावे, अशी योजना होती. तिथवर ती आपल्याकडील कोणत्याही गायनस्पर्धेसारखीच होती. पण अंतिम फेरीत समोर बसलेले असत ते तबकड्या काढणाऱ्या कंपन्यांचे आणि कलावंतांचा कारभार पाहणाऱ्या संस्थांचे प्रतिनिधी. मुलीचे गाणे संपले की ज्यांना ती हवी असेल ते आपापल्या नावाचा फलक वर उचलीत. एकही फलक वर गेला नाही तर मुलगी नमस्कार करून घरी जाई. आपण बाजार समितीतला लिलाव पाहिला असेल. येथे मालच उभा राहून आपल्यावर बोली लागते का हे पाहत असे, एवढाच फरक.

आपल्याच वयाची मोरी मासाको या कार्यक्रमातून पुढे आलेली पाहून मोमोएने अर्ज केला. परीक्षकांत आकू यू हे नामांकित गीतकार होते. एखाद्या नाटकात कुणाची धाकटी बहीण म्हणून शोभशील, परंतु गाण्याचा नाद सोडलेला बरा, अशा अर्थाचे काहीसे त्यांनी तिला सुनावले, ही हकीकत जपानात सर्वश्रुत आहे. तरीही डिसेंबर १९७२ च्या अंतिम फेरीत ती दुसरी आली, आणि तिच्यासाठी पुष्कळ फलक वर गेले. होरिप्रो या संस्थेने तिला घेतले, आणि २१ मे १९७३ रोजी तिची पहिली तबकडी निघाली, 'तोशिगोरो', म्हणजे 'वयात येण्याचे दिवस'. ती चौदा वर्षांची होती. मोरी मासाको, साकुरादा जुंको आणि मोमोए या तिघी त्या वर्षी आपल्याकडील नववीच्या वर्गात म्हणाव्या अशा इयत्तेत होत्या. व्यापाऱ्यांनी त्यांचे त्रिकूट बांधले आणि इयत्तेचेच नाव त्याला देऊन टाकले.

पहिली तबकडी बेताचीच खपली. तेव्हा कारखानदाराने जे करावे तेच येथे झाले. माल खपत नाही, वेष्टन बदला. दुसऱ्या गाण्याचे नाव होते 'आओई काजित्सु', म्हणजे 'कच्चे फळ'. नावातच सगळे आले. १९७४ च्या जून महिन्यात आले 'एका उन्हाळ्याचा अनुभव'. मुलीच्या तोंडी असे शब्द घालायचे की ऐकणाऱ्या मोठ्या माणसांनी त्यात भलताच अर्थ वाचावा, आणि गाणारी मुलगी मात्र शाळकरी असावी, असा हा बेत होता. तो यशस्वी झाला. हे शब्द लिहिणारे, छापणारे, वाजवणारे आणि विकत घेणारे सगळे प्रौढ होते. आणि पंधरा वर्षांची होती ती एकटी मुलगी. जपानमधल्या व्यापाऱ्यांना नावे ठेवून आपण मोकळे होऊ नये. लहान मुलांना मोठ्यांच्या अदा शिकवून टाळ्या वाजवणारे समारंभ आपल्याही गावोगाव होतात.

त्या गाण्यात मुलीजवळच्या सर्वांत मोलाच्या गोष्टीचा उल्लेख आहे. तेवढे धरून पत्रकार तिला पुन्हा पुन्हा विचारू लागले, "मुलीजवळची सर्वांत मोलाची गोष्ट कोणती हो?" विचारणाऱ्यांचा हेतू उघड होता. पोर लाजेल, गोंधळेल, आणि त्या गोंधळाचे छायाचित्र मिळेल. मोमोए लाजली नाही, चिडलीही नाही. तिने उत्तर दिले, "मागोकोरो." 'कोकोरो' म्हणजे अंतःकरण आणि 'मा' म्हणजे खरे, खरे मन, निखळ मन. प्रश्न विचारणाऱ्याच्या ओंजळीत त्याची घाण तशीच राहिली. आमच्या मते या मुलीच्या कर्तृत्वाचा आरंभ पहिल्या तबकडीत नसून या एका शब्दात आहे. दुसऱ्यांनी लिहिलेले शब्द ती गात होती. हा शब्द तिचा स्वतःचा होता.

यानंतर कामाचा जो पूर लोटला त्याचा हिशेब ऐकून आपण थक्क व्हाल. साडेसात वर्षांत तिच्या तीसहून अधिक एकेरी तबकड्या निघाल्या, म्हणजे सरासरी दर तीन महिन्यांस एक. त्याशिवाय मोठ्या ध्वनिमुद्रिका, गावोगावचे जलसे, टेलिव्हिजनवरचे कार्यक्रम, आणि चित्रपट. डिसेंबर १९७४ मध्ये 'इझुची नर्तकी' प्रदर्शित झाला. कावाबाता यासुनारी यांची ही १९२६ ची कथा. कावाबातांना १९६८ साली नोबेल पारितोषिक मिळाले हे आपणांस ठाऊक असेलच. एक विद्यार्थी इझु द्वीपकल्पात भटकत असताना त्याला फिरत्या खेळकऱ्यांच्या ताफ्यातील एक कोवळी नर्तकी भेटते. दोन जिवांत माया उत्पन्न होते, आणि निरोपाचा दिवस येतो, इतकीच ती गोष्ट. या कथेवर तोवर पाच चित्रपट निघाले होते, आणि १९३३ च्या पहिल्या मूकपटात तानाका किनुयो यांच्यासारखी थोर नटी होती. सहाव्या खेपेस ही भूमिका करणे म्हणजे आपल्याकडे नव्या गायकाने संगीत नाटकातील जुने पद म्हणण्यासारखे आहे. प्रत्येक श्रोत्याच्या कानात आधीचा आवाज घुमत असतो.

त्या चित्रपटातील विद्यार्थी होता मिउरा तोमोकाझु हा तरुण नट, मोमोएहून सात वर्षांनी मोठा. दोघांची पहिली भेट त्याच वर्षी एका मिठाईच्या जाहिरातीच्या चित्रणात झाली होती. पुढे दोघांनी मिळून बारा चित्रपट केले. त्यांतील कित्येक जपानी साहित्यातील गाजलेल्या कृतींवर आधारलेले होते : मिशिमा युकिओंची 'लाटांचा नाद', होरी तात्सुओंची 'वारा सुटला', तानिझाकी जुनइचिरोंची 'शुनकिन'. शेवटल्या कथेत अंध वादिकेची भूमिका मोमोएने केली आणि तिच्यासाठी स्वतःचे डोळे फोडून घेणाऱ्या शिष्याची मिउराने. या सर्व चित्रपटांत ती सारखीच श्रेष्ठ होती असे आम्ही म्हणणार नाही. वेळापत्रक इतके आवळलेले होते की उत्तम अभिनेत्रीचीही दमछाक व्हावी. तथापि तिच्यापाशी एक गुण होता. इतर मूर्ती हसत असत, ही सहसा हसत नसे. तिचा आवाज खर्जाकडे झुकणारा, चेहरा स्थिर, आणि नजर समोरच्याला पारखणारी. प्रेक्षक तिच्याकडे बघत, आणि तीही प्रेक्षकांकडे बघते आहे असे त्यांना वाटे.

आता आपण तिच्या आयुष्यातील वळणाशी आलो. १९७६ साली ती सतरा वर्षांची होती. उझाकी र्‍यूदो नावाच्या, दांडगट वाद्यवृंदाचे पुढारीपण करणाऱ्या संगीतकाराचे गाणे तिने ऐकले आणि आपल्या निर्मात्याला सांगितले की मला यांचे गाणे हवे आहे. मूर्तीने मूर्तिकाराला छिन्नी कोठे चालवावी हे सांगावे, असा हा प्रकार होता. उझाकींच्या पत्नी आकी योको गीते लिहीत. त्यांचेही बालपण योकोसुकातच गेले होते. त्या दोघांनी तिला जे गाणे दिले त्याचे नाव 'योकोसुका स्टोरी'. आजवर मोमोएच्या तोंडचे शब्द पुरुषांनी, पुरुषांच्या कानांसाठी लिहिलेले होते. आता तिच्याच गावची एक स्त्री तिच्यासाठी लिहू लागली. तबकडीच्या सहा लाखांवर प्रती खपल्या. आणि खपापेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे गाण्यातील मुलगी बदलली. आता ती कुणाच्या हाती लागणारे कच्चे फळ राहिली नव्हती. समुद्राकडे उतरणाऱ्या रस्त्यावर उभी राहून समोरच्या पुरुषाला सरळ प्रश्न विचारणारी झाली होती.

याच जोडप्याने १९७८ साली 'प्लेबॅक पार्ट टू' हे गाणे दिले. त्यातील नायिका तांबडीभडक मोटार एकटीच हाकीत जाते, आणि कोणी उगाच अंगावर आले तर त्याला खडसावते. ती मोटार पोर्शे कंपनीची आहे. एनएचके हे जपानचे सार्वजनिक प्रसारण मंडळ, तेथे व्यापारी नावाला मज्जाव. म्हणून तेथील कार्यक्रमांत ती 'पोर्शे'च्या जागी नुसती 'गाडी' म्हणे. ही गंमत जपानी लोक अजून सांगतात. त्याच वर्षीच्या ३१ डिसेंबरला एनएचकेच्या 'लाल आणि पांढरा' या गाण्याच्या सामन्यात तिला स्त्रियांच्या पक्षातर्फे शेवटचे गाणे म्हणण्याचा मान मिळाला. वर्षाच्या अखेरच्या रात्री सारा जपान हा कार्यक्रम पाहतो, आणि शेवटचे गाणे म्हणजे आपल्याकडील मैफलीत भैरवीचा मान. तो तिला एकोणिसाव्या वर्षी मिळाला, आणि तोही या खडसावणाऱ्या गाण्यासाठी.

ती नुसतीच खडसावीत होती असे मात्र नव्हे. १९७७ साली सादा मासाशी यांनी तिच्यासाठी लिहिलेले 'कॉसमॉस' हे लग्नाच्या आदल्या दिवशीच्या लेकीचे आणि आईचे गाणे आहे. मुलीची पाठवणी केलेल्या कोणत्याही आईला ते भाषा न कळताही कळेल. १९७८ च्या नोव्हेंबरात तानिमुरा शिंजी यांचे 'चांगला दिवस, प्रस्थानाचा' हे गाणे आले. ते जपानच्या राष्ट्रीय रेल्वेच्या प्रवास-प्रचारासाठी केलेले. पण रेल्वेचा प्रचार विसरला गेला आणि गाणे राहिले. १९७९ साली हिराओका मासाआकि या समीक्षकांनी एक पुस्तक लिहिले, त्याचे नावच 'यामागुची मोमोए बोधिसत्त्व आहे' असे होते. बोधिसत्त्व हा शब्द आपल्या भूमीतून चीनमार्गे जपानात गेला. स्वतःच्या मोक्षाच्या उंबरठ्यावर उभे असूनही इतरांच्या दुःखासाठी जो मागे थांबतो, तो बोधिसत्त्व. स्तुती मोठी खरीच. पण तिच्यातही तीच मेख आहे. बोधिसत्त्वाने निघून जायचे नसते, लोकांसाठी थांबायचे असते. आणि ही मुलगी तर थांबणार नव्हती.

२० ऑक्टोबर १९७९ रोजी ओसाका येथील जलशात तिने रंगमंचावरूनच सांगितले की माझे मिउरा तोमोकाझुंवर प्रेम आहे. वर्तमानपत्रांनी दाराच्या फटीतून शोधून काढावे अशी बातमी तिने समोरच्या दारानेच दिली. ७ मार्च १९८० रोजी विवाह ठरल्याचे जाहीर झाले, आणि त्याबरोबर हेही, की विवाहानंतर आपण रंगभूमी, चित्रपट, टेलिव्हिजन सर्व सोडणार. ती एकवीस वर्षांची होती.

जाण्यापूर्वी तिने एक पुस्तक लिहिले. नटनट्यांची आत्मचरित्रे बहुधा दुसरेच कोणी लिहितात. हे तिने स्वतः लिहिले. सप्टेंबर १९८० मध्ये ते प्रसिद्ध झाले आणि दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. योकोसुका, जन्म, स्त्रीपुरुषसंबंध, न्यायालय, विवाह, निवृत्ती अशी त्यातील प्रकरणे आहेत. आपण विवाहाबाहेर जन्मलेले मूल आहोत, वडिलांशी आपले नाते कसे होते आणि कसे तुटले, हे तिने त्यात कोणाची कीव न मागता लिहिले आहे. नियतकालिके वर्षानुवर्षे तिच्या जन्माचे गौप्य चघळीत होती. तिने ते स्वतःच सांगून टाकले आणि त्यांच्या धंद्यातले भांडवल काढून घेतले. पुस्तकाचे नाव 'आओई तोकि'. 'आओई' म्हणजे निळे, हिरवे, आणि म्हणून कोवळे, कच्चे. आपणांस आठवत असेल, चौदाव्या वर्षी व्यापाऱ्यांनी तिच्या गाण्याला जे नाव दिले त्यात उच्चाराने हाच शब्द होता. तेव्हा तो तिच्यावर चिकटवलेला होता. सात वर्षांनी तिने तो स्वतःच्या हाताने, स्वतःच्या आयुष्यासाठी लिहिला.

५ ऑक्टोबर १९८० रोजी टोकियोच्या बुदोकानमध्ये शेवटचा जलसा झाला. १९६४ च्या ऑलिंपिकसाठी बांधलेली ही आठव्या शतकातल्या मठासारख्या छपराची विशाल वास्तू. मोमोएने पांढरा पोशाख केला होता. माझा हट्ट तुम्ही चालवून घेतलात याबद्दल मी आभारी आहे, मी सुखी होईन, अशा अर्थाचे शब्द तिने श्रोत्यांना सांगितले. 'निरोपाच्या पलीकडे' हे आकी आणि उझाकी यांचे गाणे म्हटले. गाणे संपल्यावर ती रंगमंचाच्या मध्यभागी वाकली, हातातला पांढरा मायक्रोफोन तिने हलकेच खाली ठेवला आणि ती मागे वळून निघून गेली. आपल्याकडे रंगलेल्या पदाला 'वन्स मोअर' मिळाला की नट पुन्हा उभा राहतो. त्या दिवशी हजारो लोकांनी हाका मारल्या असतील. मायक्रोफोन तेवढा तेथे पडून होता. १९ नोव्हेंबरला टोकियोच्या रेइनानझाका चर्चमध्ये विवाह झाला. 'प्राचीन राजधानी' हा कावाबातांच्याच कादंबरीवरचा तिचा अखेरचा चित्रपट डिसेंबरात पडद्यावर आला, तेव्हा पडद्यावरची नटी आधीच गृहिणी झाली होती.

येथवर आम्ही या मुलीला एकेरी संबोधीत आलो, कारण ती लहान होती आणि तिच्या काळचे सगळेच तिला तसे संबोधीत होते. यापुढे 'त्या' म्हणणे योग्य होईल.

आता एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे, कारण तो खरा आहे. आपल्यापैकी अनेक भगिनींच्या मनात तो आतापावेतो आलाही असेल. "एवढी कर्तबगार बाई, आणि अखेर केले काय? लग्न झाले आणि चूल धरली! यात कसले स्वातंत्र्य?" त्या काळच्या जपानात लग्न ठरले की मुलीने नोकरी सोडावी हा रिवाजच होता, आणि त्याला 'मंगल निवृत्ती' अशा अर्थाचे गोंडस नावही होते. नोकरीत स्त्रियांना समान संधी देणारा कायदा तेथे १९८५ साली संमत झाला. म्हणजे मोमोएंच्या निर्णयाला रूढीची पाठराखण होती, हे मान्य केले पाहिजे. आणखी एक गोष्ट मान्य केली पाहिजे. नवऱ्याने काम सोडले नाही. मिउरा तोमोकाझु आजवर नट म्हणून काम करीत आले आहेत; २०२३ च्या 'परफेक्ट डेज' या चित्रपटातही ते होते. निवड दोघांपुढे सारखी ठेवली गेली नव्हती.

आणि दुसरी वाट असू शकते हे लगेच दिसलेही. त्याच १९८० च्या एप्रिलमध्ये मात्सुदा सेइको यांची पहिली तबकडी निघाली. १९८५ साली त्यांनी विवाह केला, मूल झाले, आणि त्या गात राहिल्या. तेव्हा लोकांनी त्यांनाही सोडले नाही. आईने घरी बसावे असे सांगणारे पुष्कळ भेटले. एक गेली म्हणून बोल, दुसरी राहिली म्हणून बोल! यावरून आम्हांस असे वाटते की बायका काय निवडतात ही लोकांची तक्रार नव्हतीच. त्या आपले आपण निवडतात, ही खरी तक्रार होती.

मोमोएंनी आपल्या पुस्तकात या प्रश्नाला उत्तर दिले आहे. आपल्या जगण्यात सर्वांत मोलाचे काय आहे हे जिला नीट उमगले ती स्त्री स्वतंत्र, मग ते मोलाचे काम असो, घर असो की प्रेमाचे माणूस असो, अशा आशयाचे त्यांनी लिहिले. हे उत्तर सर्वांना पटेलच असे नाही. आम्हांलाही ते पुरेसे वाटत नाही, कारण आपल्याला काय मोलाचे वाटावे हेही पुष्कळदा समाजच शिकवीत असतो. परंतु त्यांच्या बाबतीत एक विसरून चालणार नाही. विवाहाबाहेर जन्मलेल्या, बाप असून नसल्यासारख्या घरात वाढलेल्या मुलीला 'संसार' ही आयती मिळालेली रूढी नव्हती. ती न मिळालेली गोष्ट होती. आणि पंधराव्या वर्षी ज्या पोरीला बाजारात उभे करून "तुझ्याजवळ मोलाचे काय?" असे विचारले गेले, तिने एकविसाव्या वर्षी त्याच प्रश्नाचे सविस्तर उत्तर लिहून दिले आणि बाजार सोडला.

बाजाराने मात्र त्यांना सोडले नाही. छायाचित्रकारांनी घरापुढे पहारे दिले. मुले शाळेत जाऊ लागली तरी पाठलाग चुकला नाही. मिउरांनी १९९९ साली या विषयावर एक पुस्तकच लिहिले, त्याचे नाव 'छायाचित्राचा विषय'. पुन्हा गाण्यासाठी त्यांच्याकडे विचारणा होत राहिली, आणि त्या परतल्या नाहीत. दरम्यान एक विलक्षण गोष्ट घडली. १९७५-७६ मध्ये जपानी टेलिव्हिजनवर त्यांची 'लाल संशय' ही मालिका झाली होती. किरणोत्सर्गाच्या अपघाताने रक्ताचा असाध्य रोग जडलेल्या मुलीची ती कथा. १९८४ साली ती चीनच्या मध्यवर्ती टेलिव्हिजनवर दाखवण्यात आली. नुकतीच दारे उघडू लागलेल्या त्या देशात लोकांनी एकेका संचाभोवती दाटी करून ती पाहिली, डोळे पुसले, आणि नायिकेच्या नावाचे कपडे शिवून घेतले. एका अफाट देशात मोमोए तारका झाल्या, तेव्हा त्यांना तारकापद सोडून चार वर्षे लोटली होती.

आणि त्या स्वतः काय करीत होत्या? मुले वाढवीत होत्या, आणि गोधड्या शिवीत होत्या. थट्टेने सांगत नाही. जुन्या-नव्या कापडांचे तुकडे जोडून गोधडी करण्याची कला त्या शिकल्या, वर्षानुवर्षे करीत राहिल्या, टोकियोतील गोधड्यांच्या प्रदर्शनात त्यांचे काम मांडले गेले, आणि २०१९ साली त्यांच्या गोधड्यांचे पुस्तक निघाले. १९८० नंतर त्यांच्या हातचे लोकांपुढे आलेले हे पहिलेच पुस्तक. आपल्या आयाआजींनी गोधड्या शिवल्या आहेत; तिच्यात कुणाचे लुगडे, कुणाचे झबले, कुणाचा सदरा असतो हे आपण जाणतो. सात वर्षे लोकांनी ज्यांचे तुकडे वाटून घेतले, त्यांनी पुढची चाळीस वर्षे तुकडे जोडण्यात घालवली, असे म्हणण्याचा मोह होतो. पण तो आवरलेला बरा. कदाचित त्यांना शिवणे आवडत असेल, इतकेच.

त्यांची गाणी मात्र चालू आहेत. थोरले चिरंजीव मिउरा युतारो यांनी २०१५ साली आईची गाणी स्वतःच्या आवाजात काढली. २०२० च्या मे महिन्यापासून मूळ ध्वनिमुद्रणे घरबसल्या ऐकण्याची सोय झाली. बुदोकानच्या त्या जलशाचे चित्रण २०२० साली आणि पुन्हा २०२१ साली एनएचकेने दाखवले, तेव्हा ज्यांचा जन्मही त्या वेळी झाला नव्हता अशा मुलांनी ते पाहिले. आणि योकोसुकाच्या मध्यवर्ती स्थानकात आगगाडी येण्याची सूचना म्हणून 'योकोसुका स्टोरी'ची सुरावट २००८ पासून वाजू लागली. शब्द नाहीत, आवाज नाही, नुसती सुरावट. आणि तेवढ्यावर गावची माणसे कामाला जाणाऱ्या गाडीत चढतात.

श्रोतेहो, आरंभी आम्ही विचारले होते की लोकप्रिय माणसावर लोकांचा हक्क किती. आमच्या मते तो तिकिटाएवढा आहे. ज्या गाण्याचे पैसे आपण दिले ते गाणे आपल्याला मिळाले. ते आपल्या कानात जन्मभर राहिले तर तो नफा आपला. गाणाऱ्याचे उरलेले आयुष्य त्या तिकिटात येत नाही. त्याचा जन्म कोणत्या घरात झाला, त्याने कोणाशी लग्न केले, तो का थांबला, हे विचारण्याचा परवाना तिकिटाबरोबर मिळत नाही. मूर्ती आपल्या आपण देव्हाऱ्यातून उतरली आणि चालत घरी गेली, तर भक्ताने पाठलाग करू नये. फार तर हात जोडावेत. तेवढे करणे जपानमधील त्या हजारो श्रोत्यांना अवघड गेले असेल, आणि आपल्यालाही जाते.

आमची वेळ संपली आहे, असे अध्यक्षांच्या घड्याळाकडे पाहून वाटते. थांबावे केव्हा, या विषयावर बोलणाऱ्याने तरी वेळेवर थांबले पाहिजे.